घटाचं पाणी

"बागेत पाय टाकलास तर बघ! तंगडं मोडून हातात दीन!"

नरहर खुरपं घेऊनच कुंपणाकडं धावला, तेव्हा त्याच्या बायकोच्या, कालिंदीच्या ओच्यात झेंडूची फुलं होती. ती वाफ्यात तशीच उभी राहिली. दिवस नुकता उगवला होता, पण वैशाखातला सूर्य तो, उगवतानाच तापलेला. पश्चिमेचा वारा रात्रभर वाहून थकला नव्हता. झेंडूची पानं कडेनं भाजून निघाली होती, आणि मातीला हात लावला तर चुलीतल्या राखेसारखी ऊन लागत होती.

कुंपणापलीकडं मैत्रेयी उभी होती. गंगेकाठच्या दुर्गाघाटावरच्या मास्तरांची मुलगी. युनिव्हर्सिटीत रोगराई कशी पसरते त्याचं शिकत होती. तिच्याबरोबर शहरातल्या लंका मोहल्ल्यात राहणारा सुशांत. त्याच्या खांद्याला झोळी आणि झोळीत रंगाच्या बाटल्या. दोघं आणि त्यांचे सोबती गेल्या पावसापासून दर रविवारी गावात यायचे. तळ्यातलं प्लास्टिक काढायचे, शाळेच्या मागं खड्डे खणून झाडं लावायचे, बायकांना बसवून पाण्याचं सांगायचे. गावानं त्यांना 'कचरा पार्टी' नाव ठेवलं होतं.

"काका, फक्त एक बाटली," मैत्रेयी म्हणाली. "संडासात ओतायची आणि वर बादलीभर पाणी. रंग निरुपद्रवी आहे. विहिरीत उतरला तर कळेल, नाही उतरला तर तुमची सुट्टी."

"माझी सुट्टी करनारी तू कोन? आमचा संडास हितं न्हाई, पार तिकडं कोपऱ्यात हाये. म्या स्वतः उभा ऱ्हाऊन बांधून घेतलाय. बागेला घाणीचा वाससुदिक येत न्हाई. देवाला जानारी फुलं हायेत ही!"

"तेच तर काका. बागेपासून लांब नेला, पण विहिरीच्या..."

"चल, निघ!"

सुशांतनं तिची बाही ओढली. "चलो मैत्रेयी. बाद में."

दोघं गेले. नरहर पुटपुटत परत वाफ्यात बसला. त्याचं बोलणं काही खोटं नव्हतं. त्याचे पूर्वज पेशवाईतल्या अमृतरावांच्या लवाजम्यात बागेची माणसं म्हणून इकडं आले आणि गंगेच्या या मुलखात रुजले. घरातली मराठी तेवढी आईच्या दुधाबरोबर पिढ्यान् पिढ्या उतरत आली, तिच्यात हिंदी मिसळत गेली, पण मोडली नाही. दुर्गाघाटापासून शिंदे घाटापर्यंतच्या देवळांत सकाळची तुळस, बेल आणि झेंडू नरहरच्या बागेतला. त्यामुळं घरात संडास बांधायचा ठरला, तेव्हा नरहरनं एकच धरून ठेवलं की तो फुलांपासून होईल तितका दूर पाहिजे. गवंडी म्हणाला, मालक, मधे बांधा, टाकी साफ करायला सोपी जाईल. नरहर म्हणाला, देवाच्या फुलांमधी घाण? मला नरकात घालतोस का? आणि जागेच्या अगदी टोकाला, निंबाच्या आडोशाला त्यानं खड्डा खणवला. खाली तळ नाही, नुसत्या विटा रचलेल्या. निंबाच्या पलीकडं बांध, आणि बांधाच्या पलीकडं गावाची विहीर. ती बाजू नरहरच्या डोळ्यांसमोर कधी आलीच नाही. त्याचे डोळे फुलांकडं होते.

कालिंदीनं फुलं टोपलीत ओतली आणि हात धुतले. तिला आता घट न्यायचा होता.

वैशाखभर रोज एक घट पाण्यानं भरून दान द्यायचा, हा तिच्या सासूकडून आलेला नेम. दुसरीकडं हा घट भटजींकडं जातो. सासूचं मात्र निराळं होतं. ज्या घरात पाळणा हलतो, त्या घरी घट द्यावा, असं ती सांगून गेली. पाणी स्वतः शेंदायचं, वस्त्रानं गाळायचं, त्यात वाळ्याची जुडी टाकायची, तुळशीचं पान ठेवायचं. आणि त्या पाण्याला विस्तव दाखवायचा नाही. विस्तवावर गेलं की ते शिजलं, शिजलं की ते दानाचं राहिलं नाही. कालिंदीनं हा नेम इतकी वर्षं सांभाळला होता की वैशाख लागला की तिचे पाय आपोआप विहिरीकडं वळत. तुरटी फिरवली की पाणी असं निवळायचं की घटाचा तळ दिसावा. घरातल्या पिण्याचं पाणी मात्र ती मैत्रेयीच्या सांगण्यावरून हिवाळ्यापासून उकळत होती. एका घरात दोन तऱ्हेची पाणी झाली होती, आणि त्यात काही वावगं आहे असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

औंदाचा घट फुलमतीच्या घरी होता. फुलमतीला नातू झाला होता. तिचं घर बांधाला लागूनच.

कालिंदी अंगणात शिरली तर पाळणा रिकामा. फुलमतीची सून भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर पोर. चार दिवसांपूर्वी तेच पोर कालिंदीच्या बांगड्या ओढत होतं. मधले दिवस ती घाईत घट उंबऱ्यावरच ठेवून परतली होती. आज डोळे खोल गेले होते, ओठ कोरडे, आणि रडतानाही डोळ्यांत पाणी येत नव्हतं.

"काय झालं गं? का भइल?"

"परसों से पेट में कुछ टिकता नहीं," सून म्हणाली. ती मिर्झापूरकडची. कालिंदीशी बोलताना सांभाळून हिंदी बोलायची. "जो पिलाओ, निकल जाता है. सब पानी बंद कर दिया, मौसी. जार का भी नहीं देते. बस आपका घटवाला देते हैं. चम्मच से. सुबह शाम. वो तो पुन्न का पानी है न."

कालिंदीच्या हातातला घट एकदम जड झाला. तिनं तो खाली ठेवला. मग उचलला. मग परत ठेवला.

फुलमती चुलीपाशी होती. "का बहिनी, आज मुँह काहे सूखल बा?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सुनेवर ओरडली, "बइठल का हऊ? टेम्पो आवत बा, कपड़ा बाँध!"

इस्पितळात न्यायला टेम्पो आला. सून पोराला पदरात गुंडाळून बसली, फुलमती मागं बसली. निघता निघता सुनेनं हात पुढं केला. "मौसी, थोड़ा पानी शीशी में दे दो. रास्ते के लिए."

  कालिंदीनं घट पोटाशी धरला आणि मान हलवली. नाही. सूनबाईच्या तोंडाकडं तिला बघवलं नाही. टेम्पो धुळीत गेला.

ती घरी आली, पण घरी आल्यावर तिला बसता येईना. देवापुढं वात लावली, स्तोत्र म्हणायला घेतलं, पण मधेच ओळ सुटली. असं कधी झालं नव्हतं. उठून तांदूळ निवडायला घेतले, तेही तसेच ठेवले. नरहर टोपल्या घेऊन ई-रिक्शातून घाटाकडं गेला होता. बागेत वारा नुसता उसासे टाकत होता. ती मागच्या कोपऱ्यात गेली. निंबाखाली उभी राहिली. संडासाच्या खड्ड्यावरची फरशी, मग बांध, आणि बांधावरून डोकावलं तर विहिरीचा काठ. लुगड्याचं एक टोक इथं धरलं असतं, तर दुसरं तिथं पोचलं असतं. इतकी वर्षं या निंबाखालून ती घट घेऊन गेली होती.

तिनं मैत्रेयीला फोन लावला.

"पोरी, कुठं हाईस?"

"तळ्यावर, काकू."

"फुलमतीच्या नातवाला इस्पितळात नेलंय. ती बाटली घेऊन ये. मागच्या बाजूनं ये."

मैत्रेयी आणि सुशांत आले ते धापा टाकतच. सुशांतनं झोळीतून बाटली काढली. "वीटभट्टीवाल्या घरांत आम्ही हिरवा टाकला होता," मैत्रेयीनं सांगितलं. "हा लाल. दोन रंग, म्हणजे घोळ होणार नाही. मी ओतू?"

"न्हाई. माझ्या हातानं वतते."

कालिंदीनं बाटली ओतली, वर बादलीभर पाणी टाकलं. लाल ओघळ भांड्यातून खाली गेला आणि दिसेनासा झाला. ती वळली. मैत्रेयीला वाटलं काकू घरात जातील, पण कालिंदी तिथंच उभी.

"पोरी, खरं सांग. तुरटीनं जंतू मरत न्हाईत?"

"गाळ खाली बसतो, काकू. जंतू सगळे नाही मरत. उकळावं लागतं."

"उकळलं तर ते घटाला चालत न्हाई."

मैत्रेयीनं वाद घातला नाही. शहाणी होती. मग हळूच म्हणाली, "काकू, माझी आजी म्हणायची, नेम माणसासाठी असतो. मी तुम्हाला काय सांगणार? पण बाळ इस्पितळात गेलं, हे आधी बरं झालं. आणि गावचे प्रधानजी म्हणतात तसं विहिरीवर झाकण ठोकून जारचं पाणी विकत घेतलं, तर आज बाळ वाचेल. पण ज्यांना जार परवडत नाही त्यांचं काय? आणि खालचं पाणी सगळं एकच आहे. उद्या तळं बिघडेल, परवा शेजारच्या गावाची विहीर. भोक बुजवायचं, काकू, झाकण नाही."

"आणि रंग आला तर कुनाचा म्हनून सांगशील?"

"आम्ही प्रत्येक घराला शब्द दिलाय. त्या घराशी आधी बोलल्याशिवाय नाव सांगायचं नाही."

दुसऱ्या सकाळी विहिरीवर कोण्या बाईची किंकाळी उठली. कालिंदी धावली, नरहर धावला, अख्खा गाव धावला. दोराला लोंबकळणाऱ्या बादलीत पाणी गुलाबी. आळता धुतल्यासारखं.

"माई कोप गई!" कोणीतरी म्हणालं.

"कैसी माई! रंग है यह, कचरा पार्टी का!" गावचा सरपंच असलेला प्रधान पुढं आला. पांढरा सदरा, तोंडात पान. "मतलब किसी के पैखाने की गंदगी कुएँ में उतर रही है. किसकी, यह तो साफ है. भट्टीवालों ने पैखाने बनाए, तभी से रोग आया. बोलो, सच है कि नहीं?"

"सच है!"

"प्रधानजी, उन घरों में हमने हरा डाला था," सुशांत म्हणाला. "यह तो लाल है."

"हरा-लाल सब तुम्हारे झोले में है, बाबू. जो चाहो बता दो. तुम कल चले जाओगे, रहना हमको है."

भट्टीवरची माणसं वस्तीच्या पश्चिमेला राहायची. भट्टीवर विटा पाडणारी, दुबळी माणसं. त्यांच्यातला एक म्हातारा हात जोडून उभा होता. दोन-तीन तरणी पोरं कुदळी घ्यायला पळाली. "तोड़ दो!" "सब तोड़ दो!" गर्दी पश्चिमेकडं वळली.

कालिंदीनं नरहरकडं बघितलं. नरहरनं तिच्याकडं बघितलं. त्याला काही माहीत नव्हतं. पण लाल पाणी, निंबाच्या आडची विहीर आणि बायकोचं तोंड, हे तिन्ही एकत्र त्याच्या डोळ्यांत उतरलं आणि त्याचा चेहरा काळवंडला.

"तू... तू वतलास?"

तिनं हो म्हणून मान हलवली.

"चूप ऱ्हा," तो दातांवर दात धरून म्हणाला. "एक अक्षर बोलायचं न्हाई. देवळात कळलं तर उद्या एक फूल कुनी घेनार न्हाई. समजलं? चूप!"

मैत्रेयी गर्दीच्या कडेला होती. तिचा शब्द तिनं पाळला. तोंड मिटलेलं, डोळे कालिंदीवर.

कालिंदी आयुष्यात चार माणसांसमोर मोठ्यानं बोलली नव्हती. देवाशी बोलायची तेही पुटपुटतच.  पण कुदळी घेतलेली पोरं म्हाताऱ्याला बाजूला ढकलून पुढं निघणार, इतक्यात तिनं विहिरीचा दोर धरला, बादली खाली सोडली, आणि खडखडाट झाला. सगळे वळले.

"रुको!" ती म्हणाली. आवाज फाटला. "लाल रंग हमरे पैखाने में डाला गया. हम अपने हाथ से डाले हैं. भट्टीवालों का नहीं, हमारा है. नीम के नीचे, देखो, यहीं है. नाप लो!"

कुदळी खाली आल्या आणि सगळ्यांच्या माना निंबाकडं वळल्या. 

"ए कालिंदी!" नरहरच्या तोंडून निघालं.  

मागून कोणीतरी हसलं. "फूलवाले! भगवान को फूल, गाँव को..."

पुढचा शब्द कोणी उच्चारला नाही, पण सगळ्यांना ऐकू आला. गर्दीतल्या बायकांनी नाकाला पदर लावला. नरहरनं खाली मान घातली आणि घराकडं चालू लागला. आपल्या बागेतून जाताना आज त्यानं एकाही झाडाकडं बघितलं नाही.

त्या दिवशी आणि पुढं कितीतरी दिवस नरहर बायकोशी बोलला नाही. ताटात वाढलेलं निमूट जेवत होता. पण खड्ड्यावरची फरशी उचलून त्यानं त्याच दुपारी खड्डा बुजवला, संडासाला कुलूप लावलं, आणि किल्ली कालिंदीसमोर देवापुढं टाकली. फुलमतीचा नातू इस्पितळात होता. सलाईन लावलं होतं. कालिंदी खबर घ्यायला मैत्रेयीला फोन करायची, आणि मैत्रेयी सांगायची, अजून तसंच आहे, काकू.

नेमाचे दिवस अजून उरले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे कालिंदी उठली, शेजारच्या गावाच्या विहिरीवरून पाणी शेंदून आणलं आणि चुलीवर हंडा ठेवला. पाणी उकळू लागलं, तेव्हा तिला सासू आठवली नाही. मनात आलं ते इतकंच, की हे आधीच केलं असतं तर. तिनं पाणी निवू दिलं, गाळलं, घटात भरलं. वाळा टाकला, तुळशीचं पान ठेवलं. पोर गावात नव्हतं, पण घर होतं. तिनं घट नेला.

फुलमतीच्या दारात फुलमती स्वतः उभी होती. आदल्या रात्री इस्पितळातून परतलेली. केस सुटलेले, डोळे सुजलेले. दारात आडवी.

"हम नाहीं लेब," ती म्हणाली.

"उकळलंय, बहिनी. आग पे चढ़ाया है."

"जे चाहे करा. हम नाहीं लेब." आणि दार लागलं.

कालिंदीनं तो घट मग भट्टीवाल्यांच्या वस्तीत नेला. तिथं त्या म्हाताऱ्यानं तो दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. तिथंही तान्हं पोर होतं, एका घरात. तिला हे कधीच माहीत नव्हतं. ती परत निघाली तेव्हा वाटलं, आता सुटलं मन. पण सुटलं नाही. रात्री डोळा लागला तरी पाय झोपेत चालत होते.

मैत्रेयीची माणसं कामाला लागली. विहीर उपसली, औषध टाकलं, पाणी परत तपासायला दिलं. आता पावसानंतर परत बघू, मैत्रेयी म्हणाली, तोवर उकळूनच प्यायचं. तळ्याच्या कडेला वेताची आणि कर्दळीची झाडं लावली. भट्टीवाले स्वतः हातभार लावायला आले. प्रधानानं विहिरीवरच्या झाकणाचं नाव काढलं नाही.

आणि एक दिवस फुलमतीचा नातू घरी आला. रडत आला. जोरात, मागितल्यासारखं, भुकेनं. बांधाच्या अलीकडं उभ्या असलेल्या कालिंदीनं ते रडणं ऐकलं आणि निंबाला टेकली. डोळे मिटून तिनं काय म्हटलं, ते तिचं तिला ठाऊक.

आता उरला होता संडासाचा नवा खड्डा. तो होईतोवर नरहर आणि कालिंदी संडासाला कोणाच्या दारी जायची? भट्टीवाल्यांनी सांगून पाठवलं, आमच्याकडं या. नरहर गेला नाही, शेताआड भागवत राहिला. मग एका सकाळी त्याला जाणं भाग पडलं, आणि तो फुलमतीच्या दारी गेला. जवळ तेच होतं. फुलमतीनं दार उघडलं, त्याच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि आपला लोटा त्याच्यापुढं ठेवून बाजूला झाली. नरहर आत जाऊन आला, तेव्हा त्याची मान अशी खाली गेली होती की त्याला हातातला लोटाच काय तो दिसत होता.

अशा चार सकाळी गेल्या, आणि पाचव्या दिवशी त्यानं कुदळ काढली. मैत्रेयीनं दोरीनं मोजून दिलं होतं. विहिरीपासून इतकं दूर, तळ्यापासून इतकं, उतार बघून. पक्की टाकी, तळ बांधून, खालून पाणी न झिरपणारी. अशी जागा त्यांच्या शेतात एकच निघाली. झेंडूच्या वाफ्यांच्या मध्यात. देवाच्या फुलांच्या अगदी काळजात.

नरहर तिथं येऊन उभा राहिला. वाफा भरात होता. पिवळं सोनं पसरलेलं.

"फुलं कोन घील?" तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी बायकोशी पहिलं बोलणं.

"ठाव न्हाई," कालिंदी म्हणाली. "घाटावर इचारतील. मग सांगावं लागल."

"तू सांगशील?"

"तुमी सांगा. म्या उभी ऱ्हाते बाजूला."

नरहरनं दोन्ही हातांवर थुंकी टाकली. पहिलं झाड उपटताना त्यानं ते हळूच उपटलं, मुळाला माती ठेवून, जसं रोप काढतात तसं. कालिंदीनं ते घेतलं आणि कडेच्या चरात लावलं. जगलं तर जगलं. मग दुसरं. मग तो कुदळ मारायला लागला आणि थांबेना.

बांधावर फुलमती येऊन उभी राहिली. कडेवर नातू. नातवानं कालिंदीला बघून हात पुढं केले, पण आजीनं त्याला घट्ट धरून ठेवलं. खड्डा गुडघ्याएवढा झाला, मांडीएवढा झाला. ती बघतच होती. मग म्हणाली,

"जल्दी खोदा, भइया! सबेरे तोहरे मारे हमार नंबर नाहीं लगत."

नरहरच्या हातातली कुदळ हवेत थांबली. त्यानं घाम पुसला. कपाळावरची माती आणखी पसरली.

"आज शाम तक गड्ढा हो जाएगा, भौजी," तो म्हणाला. "दो दिन और झेल लो."

"झेलब का! कल से लोटा अपने घरे से ले अइहा. हमार लोटा अब नाहीं मिली." असं म्हणून ती वळली. दोन पावलं गेली आणि थांबली. नातवाला एका हातावर घेतलं, दुसऱ्या हातानं बांधावर ठेवलेलं टोपलं उचललं, आणि खड्ड्याच्या कडेला साचलेली माती त्यात भरायला वाकली. कालिंदीनं तिच्या हातावरून पोर घेतलं. फुलमतीनं या वेळी ते दिलं.